'५ हजार देऊन साधी पावती नाही' म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

फुकटचा_खजिनदार:
परवा इथे एकाने लिहिलंय की संस्थेला ५ हजार जीपे केले, ना आभाराचा मेसेज ना पावती, रिटर्न भरायच्या वेळी मीच फोन करत बसू का, असल्यांना रुपयासुद्धा देऊ नका. खाली सगळ्यांची 'अगदी खरंय'ची रांग. डोक्यात तिडीक गेली म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

मी एका छोट्या ट्रस्टचा खजिनदार. पगार शून्य, दिवसा नोकरी, रात्री संस्थेचं स्टेटमेंट. तुम्ही पाठवलेले पैसे आम्हाला कसे दिसतात माहितीये? यूपीआय, पुढे बारा आकडी नंबर आणि 'सोनूमोनू' असलं काहीतरी अ‍ॅटचं चिन्ह लावून. झालं. हा सोनूमोनू कोण, राहतो कुठे, पॅन काय, पैसे कशासाठी दिले, काही पत्ता नाही. आणि दहा बीडीत, म्हणजे आयकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या यादीत, मला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळखीचा नंबर, रक्कम, रोख की बँकेतून, कॉर्पसला (कायमच्या निधीला) की साधी, सगळं भरायचं असतं, ३१ मेच्या आत, नाहीतर दिवसाला २०० रुपये लेट फी. ते भरल्यावरच पोर्टलवरून तुमचं दहा बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, निघतं. २०२१-२२ पासून ८०जीला, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीला, तेच चालतं, आमच्या पुस्तकातली गुलाबी पावती घेऊन काही होत नाही. बरं, कोणाची ते कळत नाही म्हणून निनावीत टाकावी तर त्यावर ३० टक्के कर. म्हणजे मेसेज तुम्ही करायचा नाही आणि शिव्या आम्ही खायच्या!

कोथरूडकर:
ती पोस्ट माझीच. आणि मी सोनूमोनू नाही. तुमच्यासारख्याच एका संस्थेचा फॉर्म भरला होता, नाव पत्ता पॅन सगळं, वर स्क्रीनशॉट पाठवला, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिका आल्या, पुढे शांतता. जूनमध्ये मीच फोन केला तर बाई म्हणाल्या तुमचं नाव यादीत गेलंय की. गेलं होतं, पण पॅनमध्ये ओ अक्षराच्या जागी शून्य! अहो पहिली पाचही अक्षरंच असतात, तिथे शून्य येईलच कसं? एवढं ज्याला दिसत नाही त्याने माझे पैसे सांभाळायचे? मोठ्या संस्थांकडून मिनिटात ईमेल येतो. जमत नसेल तर '८०जी उपलब्ध' असं ठळक छापू नका.

सीए_बाई:
दोघंही थोडे थांबा. पैसे मिळाल्याची पावती आणि दहा बीई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लगेच द्यायची, तिला पोर्टल लागत नाही. दहा बीई मात्र आर्थिक वर्ष संपल्यावर. पॅन चुकला असेल तर दुरुस्त दहा बीडी भरता येतं, त्यांना ते भरायला लावा.

खजिनदार, निनावीची भीती घालू नका. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यात जे जास्त तेवढ्यावर तो कर लागतच नाही. छोट्या ट्रस्टला कशाला लागतोय.

कोथरूडकर, तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी मिळतच नाही. जुनीत असाल आणि संस्था ५० टक्केवाली असेल तर ५ हजारावर वजावट अडीच हजार, २० टक्क्यांच्या स्लॅबला कर वाचला ५०० रुपये नि वर सेस. २ हजारांच्या वर रोख दिले असते तर तेही नाही. एवढ्यासाठी एवढं रामायण?

कोथरूडकर:
५०० असो नाहीतर ५ रुपये, माझे आहेत. तुमची फी ५०० ने कमी दिली तर चालेल का मॅडम?

सांगलीची_मिरची:
पैशांच्या पावतीवर भांडताय, नशीबवान आहात. आमच्या वसतिगृहाच्या दारात या गाठोडी बघायला. २०१९ च्या पुरात तर कपड्यांचे ढीग यायचे, त्यात फाटके गाऊन, एका पायाचे बूट, लग्नातली शेरवानी! चिखल उपसणाऱ्या माणसाला शेरवानी. पूर ओसरला तरी लोकांची सवय काही ओसरली नाही. माळा आवरला की फोन, 'गरजूंना द्यायचंय, टेम्पो पाठवा.' डिझेल आमचं, वर विचारतात याची ८०जी पावती मिळेल ना. अहो वस्तूंना ८०जी नाहीच! सांगितलं की तोंड वाकडं, जसं काय मीच कायदा केलाय.

आईचीलेक:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आई गेल्यावर तिच्या साड्या मी स्वतः धुवून, इस्त्री करून, प्रत्येकीत डांबरगोळी ठेवून एका संस्थेत नेऊन दिल्या. त्यात दोन पैठण्या होत्या. तिथल्या माणसाने माझ्यासमोर रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'जुने कपडे, गाठोडे १'. ८०जी कोण मागतंय? आईच्या नावाने चार ओळींचं पत्र मिळालं असतं तर पुरे होतं. मी परत येताना रिक्षात रडले.

सांगलीची_मिरची:
वाईट वाटलं ताई, खरंच. पण रोज गाठोडी सोडून एकेक नग लिहायला माणूस कुठून आणू? आणि पैठणीचं आम्ही करायचं काय ते पण सांगा, विकली तर लोक म्हणणार संस्थेने आमच्या आईची साडी विकून खाल्ली, वापरायला दिली तर आठवीतली मुलगी पैठणी नेसून शाळेत जाणार का?

आईचीलेक:
मग घेताना स्पष्ट नाही म्हणायचं. ठेवून घ्यायचं आणि वर हिणवायचं, हे कुठलं वळण?

नावडतीचंमीठ:
कपडे तरी बरे. आमच्याकडे वाढदिवसाची जेवणं येतात. पोरं भुकेली बसलेली आणि साहेबांचा केक अजून वाटेत. मग टाळ्या, मग फोटो, मग फळ्यावर साहेबांच्या चिरंजीवांचं नाव खडूने, तेही त्यांनाच वळणदार अक्षरात हवं. जिलेबीचा पाक गोठतो तोवर. शाळेची फी मागितली की मात्र 'बघतो'.

मंडळवाला:
गणपतीच्या वर्गणीला पावती देऊनसुद्धा लोक चोरासारखं बघतात. आम्ही दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून ४१क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची, परवानगी काढतो, हिशेब देतो. शेजारचं मंडळ पुस्तकावर शिक्का मारून मोकळं. त्यांच्याकडे मात्र बिल्डर ११ हजार निमूट देतो.

जर्सीकर:
मधेच विचारतो. न्यू जर्सीत असतो, गावच्या शाळेला पैसे पाठवले तर त्यांनी परत केले, एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची नोंदणी, नाही म्हणाले. स्वतःच्या गावाला मी परदेशी कसा?

सीए_बाई:
पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतले, बँकेतून पाठवलेले पैसे विदेशी देणगीत धरत नाहीत, शाळेला पासपोर्टची प्रत द्या. अमेरिकन झाला असाल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असूनही परदेशीच. मग संस्थेला एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवेत. शाळेने घाबरून परत केले, ठीकच केलं.

जर्सीकर:
अमेरिकन. राहू दे मग.

फुकटचा_खजिनदार:
मी देणगीच्या नोंदीबद्दल लिहिलं होतं, इथे पैठणी, जिलेबी आणि अमेरिका झाली. असो. बाई, एक लाखाचं मान्य, पण तो निनावी पैसा ऑडिटर प्रत्येक वेळी विचारतोच, 'हे कोण?' तेव्हा उत्तर मला द्यावं लागतं, कायद्याला नाही. कोथरूडकर, पैसे पोचले एवढं त्याच दिवशी कळवायला हवं होतं, हे कबूल. त्याला फार अक्कल लागत नाही.

कोथरूडकर:
धन्य झालो. हेच आधी लिहिलं असतं तर मी पोस्ट कशाला टाकली असती.

फुकटचा_खजिनदार:
आणि तुम्ही देताना 'अमुक कामासाठी' असं एका ओळीत लिहिलं तर आम्ही पण धन्य होऊ. कॉर्पसला दिलेत की धान्याला, हे मी मनाने ठरवू शकत नाही. कॉर्पसला धरायचं तर तुमचं लेखी लागतं.

कोथरूडकर:
लिहीन. यावेळी दुसऱ्या संस्थेला.

सांगलीची_मिरची:
आईचीलेक, ती संस्था आमच्या भागातली असेल तर कळवा, ओळख आहे, रजिस्टरला नीट नोंद करायला सांगते. साड्या किती होत्या?

आईचीलेक:
सतरा. आणि साड्या नका लिहू, दोन पैठण्या, एक नारायणपेठ, बाकी सुती. रंग पण सांगू का?

सांगलीची_मिरची:
सांगा. पण चार ओळींचं पत्र त्यांच्याकडून येईल याची हमी मी घेत नाही.