विषय: मंडळाचा लॅपटॉप, विंडोज १० आणि आपली सभासद यादी

प्रेषक: शुभांगी (खजिनदार)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या रजिस्ट्रेशनच्या गडबडीत अजून एक विषय काढतेय पण तो पुढे ढकलण्यासारखा नाहीये. मंडळाचा लॅपटॉप विंडोज १० वर आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपतोय. प्रोसेसर जुना, त्यामुळे विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. चालू केला की रोज तीच पाटी, नवीन मशीन घ्या नाहीतर एक वर्षाच्या जादा सिक्युरिटी अपडेट्ससाठी नाव नोंदवा, आणि नाव नोंदवायला गेलं की म्हणे आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा.

त्या लॅपटॉपवर आपली अख्खी सभासद यादी आहे. पत्ते, फोन नंबर, मुलांची वयं, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कोण जैन जेवण घेतं, सगळं एकाच एक्सेलमध्ये. तर नवीन घ्यायचा (६०० युरो तरी धरा) की हाच ओढायचा, आणि अकाउंट काढायचं तर कोणाच्या नावाने? कमिटीत एकमत झालं नाही म्हणून इथे टाकतेय. कृपया मुद्द्याला धरून लिहा, मागच्या वेळेसारखं हॉलच्या पार्किंगवर जाऊ नका.

शुभांगी

---

प्रेषक: वसंतकाका

शुभांगी, अगं एवढं काय त्यात. नवीन घे आणि मोकळी हो, पैसे कमी पडले तर मी देतो वर्गणी. आणि हे प्रायव्हसीचं जे काही चाललंय ना ते मला आजवर समजलेलं नाही, रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसात बसून कोण बघणार आहे की जोश्यांच्या घरी किती पुरणपोळ्या लागतात? माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. नवीन मशीन आणलं की मी सगळीकडे ॲक्सेप्ट ॲक्सेप्ट दाबत जातो, चहा उकळेपर्यंत मशीन तयार. आणि शेवटी आपण युरोपात राहतो, इथे कायदा आहे, काही भानगड असती तर सरकारने केव्हाच पकडली असती.

वसंतकाका

---

प्रेषक: मंदार

काका, तुमची पुरणपोळी तुम्ही खुशाल दाखवा हो, पण यादी दीडशे घरांची आहे, त्यांच्या वतीने ॲक्सेप्ट कोण दाबणार? मंडळ इथे नेदरलँड्समध्ये केव्हीकेकडे (संस्था नोंदणी) नोंदवलेली संस्था आहे, त्यामुळे एव्हीजी (म्हणजे जीडीपीआर, युरोपचा खाजगी माहितीचा कायदा) आपल्यालाही लागू होतो, घरच्या फोनबुकला जी सूट असते ती आपल्याला नाही. ॲलर्जी म्हणजे तब्येतीची माहिती, ती तर अजून कडक वर्गात मोडते, आणि जैन जेवण म्हणजे धर्म कळला की.

आता सरकारचं. पकडलं होतं, आणि एकदा नाही. फ्रान्सच्या सीएनआयएलने (तिथली खाजगी माहितीवर देखरेख करणारी संस्था) जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला नोटीस काढली, गरजेपेक्षा जास्त डेटा घेताय, जाहिरातींचा आयडी न विचारता चालू ठेवताय, आणि चार आकडी पिन कितीही वेळा चुकवला तरी चालतो हे काय. जून २०१७ मध्ये ती नोटीस बंद झाली, तोपर्यंत बेसिक म्हणजे सगळ्यात कमी लेव्हलला गोळा होणारा डेटा जवळपास निम्म्यावर आणला होता. म्हणजे आधीचा निम्मा डेटा नसता घेतला तरी विंडोज व्यवस्थित चालत होतं, हे त्यातून आपोआपच कळलं. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या इथल्या ऑटोरिटाइट पर्सोन्सखेखेव्हन्सने (सीएनआयएलसारखीच डच संस्था) सांगितलं की विंडोज १० होम आणि प्रो डच कायदा मोडतंय, कारण डीफॉल्ट लेव्हलला कुठली ॲप किती वापरली आणि एज ब्राउझरमधून कुठे फिरलात हेही जातं आणि वापरणाऱ्याला ते धड सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्याने दिलेली परवानगी खरी परवानगीच नाही. काका, तुमचं ॲक्सेप्ट ॲक्सेप्ट म्हणजे अगदी तेच प्रकरण. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सेटिंग्ज बदलल्या, इथल्या लोकांनी परत तपासल्या, काही सुधारलं होतं पण २०१९ मध्ये म्हणाले की आता नवीनच काही काही जातंय, आणि फाइल आयर्लंडकडे पाठवली कारण कंपनीचं युरोपचं ऑफिस तिथे. तेव्हा कायदा आहे हे खरं, पण कायदा मागून चालत येतो आणि अपडेट दर महिन्याला येतं.

आणि डच न्यायमंत्रालयाने २०१८ मध्ये जी तपासणी करून घेतली ती तर वाचण्यासारखी आहे. ती मुख्यतः ऑफिसची होती, वर्ड एक्सेल वगैरे, त्यात निघालं की २३ ते २५ हजार प्रकारच्या घटनांच्या नोंदी मशीनवरून पाठवल्या जातात आणि २० ते ३० इंजिनियर टीम्स त्यावर काम करतात, विंडोजचं त्या मानाने कमी, हजार बाराशे. त्यानंतर सरकारने कंपनीशी बसून आपल्यापुरत्या अटी बदलून घेतल्या. मंत्रालयाला ते जमतं, मंडळाला कुठून जमणार.

मंदार

---

प्रेषक: प्रणिता

हाय, आम्ही ४ जण, २ मोठे २ मुलं (वय ६ आणि ९), सगळे व्हेज, धाकट्याला दूध चालत नाही. पेमेंट संध्याकाळी करते.

---

प्रेषक: प्रणिता

अरे देवा रिप्लाय ऑल गेलं. सॉरी!!

---

प्रेषक: तन्वी (डेल्फ्ट)

हा हा, ह्या लिस्टवर जे आपण स्वतःहून टाकतो ते बघता मायक्रोसॉफ्टला वेगळं काही गोळा करायची गरज नाही :)

माझं मत, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका. जुन्या मशीनवर छान चालतं, पैसे नाहीत, अकाउंट नाही, काही पाठवायचं असेल तर विचारतं. लिब्रेऑफिसमध्ये (फुकट ऑफिस) आपली एक्सेल उघडते, मराठी टायपिंगही होतं. नवीन लॅपटॉप घेतला तर त्यात तो रिकॉल प्रकार पण येईल ना, दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणारा? मी तर ते ऐकूनच हात जोडले होते.

तन्वी

---

प्रेषक: मंदार

तन्वी, रिकॉल सगळ्या लॅपटॉपवर येत नाही, कोपायलट प्लस म्हणून जी महागडी मशीन्स विकतात त्यांच्यावरच, १६ जीबी रॅम आणि वेगळी एआय चिप लागते. मे २०२४ मध्ये जाहीर केलं तेव्हा खरंच भयंकर होतं, आपोआप चालू आणि सगळे फोटो आणि त्यातला मजकूर एका साध्या डेटाबेसमध्ये, कुलूप नसलेला, सिक्युरिटीवाल्यांनी महिन्याभरात तो वाचून दाखवला. मग मागे घेतलं, एन्क्रिप्ट केलं, चेहरा, बोट किंवा पिनने ओळख पटवल्याशिवाय उघडत नाही असं केलं, आणि एप्रिल २०२५ पासून हळूहळू सोडलंय, आता स्वतः चालू केलं तरच चालतं. तरी सिग्नल ह्या मेसेजिंग ॲपने मे २०२५ मध्ये आपल्या विंडोज ॲपची खिडकी रिकॉलला काळी दिसेल अशी सोय केलीच. तुम्ही चालू नका करू हो, पण तुम्ही ज्याला पासपोर्टचा फोटो पाठवलात त्याने चालू केलं असेल तर काय, म्हणून.

पण मंडळी, रिकॉल आणि टेलिमेट्री (मशीन आपल्या वापराबद्दल कंपनीला आपोआप जे कळवतं ते) ह्यांचा जेवढा गाजावाजा होतो त्यापेक्षा आपल्या यादीला खरा धोका दुसरीकडेच आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

टेलिमेट्री म्हणजे काय जातं ते बघायचं असेल तर डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर नावाचं ॲप फुकट मिळतं, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली एक बटण चालू करायचं, १ जीबीपर्यंत डिस्क खातं. मी माझ्या मशीनवर उघडून बसलो होतो. डावीकडे घटनांची नावं आणि वेळ, एकावर वाचायला टिचकी मारली की उजवीकडे महिरपी कंसांचा ढीग, त्यात मशीनचा आयडी, विंडोजचा बिल्ड नंबर, ॲपचं नाव, कधी उघडलं, कधी मिटलं. माझ्या फायलींमधला मजकूर मला त्यात दिसला नाही. पण मी रात्री किती वाजेपर्यंत कुठलं ॲप उघडं ठेवून बसलो होतो ते माझ्या बायकोच्या आठवणीपेक्षाही व्यवस्थित लिहिलेलं होतं. होम आणि प्रोवर हे कमी करता येतं, 'रिक्वायर्ड'वर ठेवायचं, पूर्ण बंद करायची सोय फक्त एंटरप्राइज आणि एज्युकेशनला. ठीक आहे, त्रासदायक आहे, पण त्यात आपली यादी नसते.

यादी जाते ती वनड्राइव्हमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून. अकाउंटने साइन इन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ह्या तीन फोल्डरचा बॅकअप क्लाउडवर चालू होऊ शकतो, नवीन विंडोज ११ मध्ये तर बरेचदा वेगळं न विचारता. एक्सेल तिथेच डेस्कटॉपवर दिसत राहते त्यामुळे काही बदललंय असं वाटतच नाही. आणि ती जाते कोणाच्या वनड्राइव्हमध्ये? ज्याच्या अकाउंटने साइन इन केलंय त्याच्या. मंडळाच्या लॅपटॉपवर आधीच्या खजिनदारांचं स्वतःचं अकाउंट आहे, ज्यावर त्यांचे घरचे फोटो, त्यांचं एक्सबॉक्स, सगळं चालतं, आणि ते तर आता पुण्याला परत गेले. बरं, डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर तिची रिकव्हरी कीसुद्धा (ती उघडायचा आकडा) सहसा त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. उद्या एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉपने ती ४८ आकडी की मागितली तर शुभांगी पुण्याला फोन लावणार का, तिथे रात्रीचे दोन वाजलेले असताना?

मंदार

---

प्रेषक: वसंतकाका

मंदार, हे वनड्राइव्हचं मला पटलं, ते बंद करा. पण टेलिमेट्रीला एवढं वाईट म्हणू नका. मी बत्तीस वर्षं मशीन टूलच्या धंद्यात काढली, गिऱ्हाइकाकडे मशीन बसवलं की ते कुठे बंद पडतं हे कळायला आम्ही माणूस पाठवायचो, तो वहीत लिहून आणायचा आणि त्यावरून पुढचं मॉडेल सुधारायचं. क्रॅश कुठे होतो हे कळल्याशिवाय दुरुस्त काय करणार? मी माझ्या मशीनवर 'ऑप्शनल' म्हणजे जादा डेटा चालूच ठेवणार, तुम्ही काहीही म्हणा.

आणि तन्वी बाळा, लिनक्स तू ह्या वर्षी टाकशील, पुढच्या वर्षी तुझी डिग्री झाली की तू म्युनिकला नाहीतर बंगलोरला. मग प्रिंटर चालला नाही की बॅनर कोण छापणार?

वसंतकाका

---

प्रेषक: तन्वी (डेल्फ्ट)

काका, तुमचा माणूस दारावर बेल वाजवून यायचा ना पण :) आणि वहीत काय लिहिलं ते गिऱ्हाइकाला दिसायचं.

प्रिंटरचं मात्र मान्य. लिनक्सवाले पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत हे मीच सांगते, उबुंटू ह्या लिनक्सने २०१२ मध्ये स्वतःच्या मशीनवर फाइल शोधायला टाइप केलेले शब्द ॲमेझॉनचे रिझल्ट दाखवायला बाहेर पाठवायला सुरुवात केली होती, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने सरळ स्पायवेअर (हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) म्हटलं, आणि ते आपोआप चालू राहणं बंद व्हायला २०१६ उजाडलं. मॅकवाले हसत असतील तर नोव्हेंबर २०२० आठवा, मॅकचं बिग सर हे नवीन व्हर्जन आलं त्या दिवशी ॲपलचा एक सर्व्हर अडखळला आणि लोकांच्या मॅकवर साधी ॲप्स उघडेनात, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की ॲप उघडताना ते कोणी बनवलंय त्याचं सर्टिफिकेट तपासायला मॅक बाहेर विचारतो आणि तेही एन्क्रिप्शनशिवाय. फोनचं तर बोलायलाच नको, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२१ मध्ये मोजलं होतं की अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही नुसते पडून असले तरी सरासरी दर साडेचार मिनिटांनी घरी काहीतरी कळवतात. गूगलने मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता हेही सांगते, नाहीतर मंदारदादा पकडेल.

मुद्दा एवढाच की ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही घ्या, जे डीफॉल्ट असतं तेच नव्वद टक्के घरांत कायम राहतं असं माझं मत, पुरावा म्हणून वसंतकाका.

तन्वी

---

प्रेषक: मंदार

शुभांगी, एक राहिलं. जादा अपडेट्ससाठी इथे पैसे लागत नाहीत. बाकीच्या जगात ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर चालू करा (किंवा त्यांचे रिवॉर्ड पॉइंट वापरा) असा सौदा आहे, युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर सप्टेंबर २०२५ अखेर बॅकअपची अट काढली. अकाउंट मात्र लागतंच, आणि ६० दिवसांत एकदा तरी त्याने साइन इन व्हायला हवं. भारतात आईबाबांच्या मशीनवर ज्यांना हे करायचंय त्यांनी लक्षात ठेवा की तिथे बॅकअपची अट आहे, चालू केलात तर वनड्राइव्हचं फोल्डरवालं बटण वेगळं बघून घ्या, बाबांच्या बँकेच्या स्टेटमेंट्स डेस्कटॉपवरच असतात सगळ्यांच्या.

मंदार

---

प्रेषक: शुभांगी (खजिनदार)

धन्यवाद सगळ्यांना. नवीन लॅपटॉप ह्या वर्षी नाही. मंडळाच्या ईमेलवर एक नवीन अकाउंट काढते, त्याचा पासवर्ड माझ्याकडे आणि सेक्रेटरीकडे राहील, त्यावर कोणीही स्वतःचं काही जोडायचं नाही, एक्सबॉक्स तर अजिबात नाही. डायग्नॉस्टिक रिक्वायर्डवर, जाहिरातीचा आयडी बंद, वनड्राइव्ह बॅकअप बंद, यादीचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर, पासवर्ड लावून. मंदार शनिवारी रिहर्सलच्या आधी येऊन करून देतोय. पुण्याला मी मेल टाकलाय, त्यांच्या वनड्राइव्हमध्ये मंडळाचं काय आहे ते बघून डिलीट करा आणि रिकव्हरी की असेल तर त्याआधी मला फोनवर वाचून दाखवा, मेलवर नको.

आणि काल रात्री यादी चाळली तर त्यात २०१४ पासूनची माणसं आहेत. अर्धे लोक देश सोडून गेले, ज्या मुलांची वयं ६ आणि ८ लिहिलीत ती आता कॉलेजात आहेत. ज्यांनी मागची दोन वर्षं वर्गणी भरलेली नाही त्यांची नावं रविवारी काढून टाकणार आहे, ॲलर्जीचा कॉलम कार्यक्रम झाला की दर वेळी रिकामा करणार. कोणाची हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत फक्त मला कळवा, रिप्लाय ऑल नको.

प्रणिता, तुमचे ४ नोंदवलेत, एक दुधाशिवाय. पेमेंट अजून दिसत नाहीये.

शुभांगी