मारिओ आणि घरातला दुसरा रिमोट (अनुभव धागा)

काल बँकेत रांगेत उभी होते. पुढच्या काकांचा फोन वाजला आणि रिंगटोन चक्क मारिओ गेमची! साठीच्या पुढचे गृहस्थ, हातात पासबुक. कॅशियर काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही, डोक्यात थेट पहिली लेव्हल सुरू.

आमच्याकडे मामाने आणलेला व्हिडिओ गेम होता. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नाही. म्हणजे पॉज दादाच्या हातात, आणि दादा आउट झाल्याशिवाय माझा लुइजी (मारिओचा भाऊ, दुसऱ्या खेळाडूचा) काही यायचा नाही. तो खड्ड्यात पडावा म्हणून मी मागे बसून देवाचा धावा करायचे. तुमच्याकडे काय व्हायचं? लिहा.

खारेदाणे: हा दादा घरोघरी होता. आमचा पॉज करून जेवायला बसायचा आणि जाताना बजावायचा, "हात लावू नकोस."

उंटावरचा_शहाणा: ३-१ च्या (तिसऱ्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलच्या) शेवटी पायऱ्यांवरून कासव उतरतं, त्याच्यावर नेमकी उडी बसली की लाइफच लाइफ. दहाच्या पुढे गेलं की आकड्याच्या जागी मुकुट दिसायचा. पण १२७ च्या वर गेलात आणि मेलात, की थेट गेम ओव्हर! आकडा तेवढाच मावतो त्यात. हे मला इंजिनिअरिंगला कळलं. तोवर कॅसेट खराब आहे म्हणून तिच्यात फुंकर मारत होतो.

मीठभाकर: फुंकर!!! 😂 आणि तरी चालली नाही तर बनियनला पुसायची.

शेवंता_ठाणे: आमच्याकडे आजी खेळायची नाही, पण बघायची. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि काही अडलंही नाही. "अगो, ते डोळे वटारलेलं येतंय, उडी मार!" पुढे कधीतरी मारिओ बनवणाऱ्या मियामोतोंचं बोलणं वाचनात आलं, तेव्हा कळलं की ते सगळं ठरवून केलेलं आहे. पहिलाच शत्रू सरळ अंगावर येतो, उडी नाही मारली तर मेलातच. मग ठोकळ्यातून मशरूम निघतं, पुढे जाऊन पाइपला आपटतं आणि उलटं फिरून तुमच्याकडेच येतं. वर ठोकळे असल्याने घाबरून उडी मारली तरी बहुतेक वेळा अंगावर येतंच, आणि मारिओ मोठा होतो. शिकवणी कुणी घेतली नाही, पण शिकलो सगळे. माझा सहा वर्षांचा भाचा आज खेळतो तेव्हा त्यालाही कुणी काही सांगत नाही. हल्लीच्या गेममध्ये आधी अर्धा तास बाण आणि चौकटीच दाखवत बसतात.

खारेदाणे: शेवंताताई, आजी ग्रेट. राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे हे कळल्यावर काय म्हणाल्या?

शेवंता_ठाणे: "मेल्यांनी पत्ता नीट विचारावा की आधी." 😄

बोरन्हाण: मे महिना, आंबे, आणि रिमोट. रसाने बी बटण चिकटून बसायचं, मग मारिओ हळू चालायलाच तयार नाही. सुसाट पळत खड्ड्यात. आईने दात घासायच्या जुन्या ब्रशने ते बटण साफ केलेलं आठवतंय.

उंटावरचा_शहाणा: आणखी एक. ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. अख्खा गेम ४० केबीत. सकाळी काकांकडून येणारा सुप्रभातचा गुलाब याहून जड असतो.

मीठभाकर: आमच्या ग्रुपवरच्या काकांना हे कुणीतरी सांगा.

नऊवारी_इन_न्यूजर्सी: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. वेळ १०० च्या खाली आला की गाणं जलद व्हायचं ना, ते स्वयंपाकघरात आईला ऐकू जायचं. "संपत आलंय तुझं, ऊठ, ताटं घे." गेमचे संगीतकार कोजी कोंदोंनी ते मुलांना घाई करायला केलं असेल, आमच्याकडे ताटं त्यावर मांडली जायची.

दगडूशेट_नव्हे: १-२ मध्ये छतावरून चालत शेवटपर्यंत गेलं की थेट वर्ल्ड ४, ३, २ मध्ये नेणारे पाइप. गल्लीत हे ज्याला आधी कळलं तो महिनाभर भाव खाऊन होता. सांगायचे दोन लिमलेटच्या गोळ्या घ्यायचा.

बोरन्हाण: दोनच? आमच्याकडे ए दाबून धरून स्टार्ट मारलं की मेलेल्या वर्ल्डपासून सुरू होतं, हे सांगायला एकाने माझी पतंगाची चक्री घेतली. परत दिली नाही अजून.

कावळा_काव: टीव्हीवरची बदकं मारायच्या गेमची बंदूक कुणाकडे होती का? माळ्यावर सापडली. नव्या टीव्हीवर एक बदक पडेना.

उंटावरचा_शहाणा: पडणार नाही. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो उजेड बंदूक टिपते. नव्या टीव्हीत चित्र जरा उशिरा येतं, तिची वेळ चुकते. जुना डब्बा टीव्ही शोधा.

कावळा_काव: डब्बा आहे, गावाला. त्यावर सध्या कोंबडी अंडी घालते.

मीठभाकर: मग बदक सोडा, कोंबडीवर धरा. 🙈

खारेदाणे: नऊवारी, कुकरच्या शिट्ट्या झाल्या का?

नऊवारी_इन_न्यूजर्सी: अगं बाई!