ऑगस्टमध्ये पाणथळावर सगळेच पक्षी तपकिरी, ओळखायचे कसे?

दुर्बीणवाली

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मी मागच्या नोव्हेंबरपासून पक्षी बघतेय, म्हणजे माझा सगळा अभ्यास हिवाळ्यातलाच, बदकं रंगीत, थवे पाण्यावर निवांत बसलेले, पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायचं आणि वहीत नाव लिहायचं. शनिवारी पहिल्यांदाच ऑगस्टअखेर पाणथळावर गेले. पाणी निम्म्याने आटलंय, मधे चिखलाची बेटं उघडी पडलीयेत, त्यांवर शेकड्यांनी पक्षी, पण सगळे तपकिरी! तीन तास हाइडमध्ये (पक्षी बघायच्या आडोशाच्या खोपटात) बसले आणि खात्रीने लिहिता आली ती फक्त सात नावं.

पहिला गोंधळ बदकांचा. मॅलार्डच्या नुसत्या माद्याच दिसल्या, पंधरा-वीस असतील, हिरव्या डोक्याचा एकही नर नाही. नर आधी निघून जातात का? आणि सगळ्या काठाच्या पाणकणसांना चिकटून, मी जवळून गेले तरी एकही उडालं नाही, नुसती पोहत आत शिरली.

मग एक इवलासा पक्षी, चिमणीएवढाच, पाय काळे, चोच काळी बारीक, चिखलाच्या अगदी कडेने पळत पळत टिपत होता. पाठ माझ्याकडे झाली तेव्हा तिच्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, इंग्रजी व्ही काढल्यासारख्या. त्याच्या शेजारीच तेवढाच दुसरा, पण त्याची पाठ मळकट, पिसांच्या कडा विस्कटलेल्या, रेघा जवळजवळ नाहीतच. हे दोन वेगळे पक्षी आहेत की एकच?

आणि तिसरे बदामी रंगाचे, मान लांब, डोकं त्या मानाने लहान, पाठीवर माशासारखे खवले खवले. एकाच घोळक्यात काही मोठे आणि काही चांगलेच लहान, पण रंग तंतोतंत तोच. माझी मैत्रीण म्हणते ऑगस्टमध्ये जाऊच नको, ऑक्टोबरनंतर जा. खरंच हे दिवस वाया जातात का?

चिखलवाट

ताई, मैत्रिणीचं या बाबतीत अजिबात ऐकू नका. वेडर, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी, शिकायला अख्ख्या वर्षात ऑगस्ट-सप्टेंबरसारखे दिवस नाहीत, आणि तुम्ही इतकं नीट बघितलंय की निम्मी उत्तरं तुमच्याच वर्णनात आहेत.

आधी बदकं. ते नर कुठे गेलेले नाहीत, तुमच्या समोरच होते. वीण संपली की नर भडक पिसं टाकतात आणि मादीसारखी साधी पिसं येतात, त्याला एक्लिप्स म्हणतात. त्याच सुमाराला बदकांची पंखातली उडायची पिसंही एकदम झडतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी रंगीत अंगाने उघड्यावर बसणं म्हणजे जिवावरच बेतायचं, म्हणून हा साधा वेश आणि म्हणून तो पाणकणसांचा आडोसा. ऑगस्टअखेर बऱ्याच जणांना पंख आलेले असतात पण रंग यायला अजून वेळ असतो. मॅलार्डमध्ये चोच बघा, नराची चोच एक्लिप्समध्येही एकरंगी पिवळट-हिरवी राहते, मादीची नारिंगी आणि तिच्यावर काळपट डाग. पुढच्या वेळी ते पंधरा-वीस परत मोजा, त्यात कितीतरी नर निघतील.

तो इवलासा म्हणजे लिटल स्टिंट, आणि दोन्ही तेच. व्ही असलेला याच वर्षी जन्मलेला, विस्कटलेला आधीच्या पिढीतला. हा फरक तुम्हाला पहिल्याच फेरीत दिसला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण ऑगस्टचं सगळं कुलूप याच किल्लीने उघडतं. पिल्लाची पिसं सगळी एकदमच, काही आठवड्यांपूर्वी उगवलेली असतात, त्यामुळे सगळी सारखीच कोरी, ओळीने बसलेली, प्रत्येकाला फिकट किनार, नव्या कापडाचा काठ असावा तशी. मोठ्या पक्ष्याच्या अंगावरची पिसं वसंतापासूनची, टुंड्रातल्या (उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या, झाडं नसलेल्या प्रदेशातल्या) वाऱ्यात आणि घरट्यावर बसून झिजलेली, किनारी तुटलेल्या, मधेच एखादं नवं राखाडी पीस डोकावणारं. म्हणून या दिवसांत मी आधी वय ठरवतो आणि नाव मागाहून. वय कळलं की पुस्तकातलं कुठलं चित्र बघायचं ते आपोआप कळतं, आपण सगळे हिवाळी चित्र नाहीतर विणीचं चित्र बघत बसतो आणि कोपऱ्यातलं ज्युवेनाइलचं, म्हणजे याच वर्षीच्या पिल्लाचं, छोटं चित्र तसंच राहून जातं.

बदामी रंगाचे, खवलेवाले, दोन आकारांचे ते रफ. रफमध्ये नर मादीपेक्षा चांगलाच मोठा असतो, इतका की नवख्या माणसाला दोन जाती वाटाव्यात. एकाच रंगाचे दोन आकार एका घोळक्यात दिसले की आधी रफच आठवायचा, मग ती लांब मान आणि लहान डोकं ताडून बघायचं.

आता दिवस वाया जाण्याबद्दल. आपल्याला ऑगस्ट म्हणजे उत्तरेकडचा उन्हाळा संपतोय असं वाटतं, पण या पक्ष्यांचा परतीचा प्रवास जूनमध्येच सुरू झालेला असतो. ग्रीन सँडपायपरच्या माद्या पिल्लं नरावर सोपवून जूनमध्येच दक्षिणेची वाट धरतात. कर्ल्यू सँडपायपरमध्ये उलटं, नर अंडी उबवायला बसतच नाही, त्यामुळे आधी तोच निघतो, मग माद्या, आणि महिनाभराने पिल्लं. म्हणजे एकाच चिखलावर जुलैत जाल तर झिजलेले मोठे, ऑगस्टअखेर सरमिसळ आणि सप्टेंबरात बहुतेक कोरी पिल्लं. ती पिल्लं वाट दाखवायला आईबाप नसताना आलेली असतात, कुठल्या दिशेने उडायचं ते उपजतच घेऊन. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविटचं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, पाठीवर सॅटेलाइट टॅग, अलास्काहून निघालं ते थेट टास्मानियाला उतरलं, ११ दिवस, सुमारे १३,५६० किमी, मधे एकदाही न थांबता. तुमचा तो व्हीवाला स्टिंटही असाच पहिल्याच प्रवासात तुमच्यासमोर चिखल टिपत होता. याला वाया गेलेले दिवस कसं म्हणायचं?

पहाटफेरी

चिखलवाट दादांनी ओळखीचं सगळं सांगितलंच आहे, मी वेळेचं आणि जागेचं सांगते. या दिवसांत दहानंतर चिखलावरची हवा थरथरायला लागते, मग कितीही भारी स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) असू दे, पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. झूम साठपर्यंत नेलं की उलट बिघडतं, वीस-तीसवर ठेवा, आणि सूर्य पाठीशी येईल असाच हाइड निवडा, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. रात्री पाऊस झाला किंवा ढग खाली आले तर दुसऱ्या दिवशी नक्की जा, वरून जाणारे पक्षी अशा हवेत खाली उतरतात. पाणथळ समुद्राला लागून असेल तर भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा, भरतीला बाहेरचा चिखल बुडतो आणि सगळे आतल्या उंच जागेवर गोळा होतात, ओहोटीला गेलात तर मैलभर लांब ठिपके बघत बसाल.

दुसरं म्हणजे चिखलाकडे एकसंध बघू नका, मनात त्याचे पट्टे पाडा. कोरडसर चिखलावर चिखल्या, थांबत-धावत, डोळ्यांनी हेरून टिपणारे, त्यातल्या लहान कंठवाल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं दिसलं तर लिटल रिंग्ड प्लव्हर. पाण्याच्या ओल्या कडेवर स्टिंट. घोट्याभर पाण्यात वुड सँडपायपर आणि रफ. पोटाला पाणी लागेल तिथे शेकाट्या, गॉडविट, ग्रीनशँक. पायांची आणि चोचीची लांबी ठरवते कोण कुठे चरणार, त्यामुळे पक्षी कुठे उभा आहे एवढ्यावरूनच निम्मी नावं गळतात. म्हणून तर बऱ्याच राखीव पाणथळांवर या दिवसांत मुद्दाम पाणी हळूहळू उतरवतात, रोज थोडी नवी ओली कड उघडी पडली की चिखलातल्या अळ्या पक्ष्यांना मिळतात.

एक माझी चूक सांगते, मनाला अजून लागलेली आहे. पहिल्या वर्षी जवळून फोटो मिळावा म्हणून मी हाइड सोडून बांधावरून पन्नास पावलं पुढे गेले. सगळा थवा उठला आणि तासभर खाली बसलाच नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं की काही वेडर लांबच्या उड्डाणाआधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात, आणि मी त्यांचा तास घालवला होता. तेव्हापासून कितीही मोह झाला तरी हाइड सोडत नाही.

रानवेडा_७

वरच्या दोघांना अनुमोदन. एकच भर, ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात. या दिवसांत पाणी उथळ आणि कोमट होतं, सडलेलं काहीबाही साठतं आणि त्यात बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात. एखादं बदक पंख न हलवता पाण्यावर पडलेलं, मान धरता येत नाही, डोकं पाण्यात कलंडतंय असं दिसलं तर ते एक्लिप्समुळे उडत नाहीये असं समजून पुढे जाऊ नका. हात लावू नका (बर्ड फ्लूही असू शकतो), जागा नीट लक्षात ठेवून तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा. मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्या खाऊन पुढची बदकं मरतात, त्यामुळे मेलेली लवकर उचलली गेली तर बाकीची वाचतात.

आणि ताई, सातच नावं लिहिली याचं वाईट वाटून घेऊ नका. खात्रीची सात नावं अंदाजाच्या तीसपेक्षा केव्हाही बरी. न ओळखलेल्यांचं वर्णन मात्र जागच्या जागी लिहा, पाय, चोच, पाठ, उडताना शेपटीवर काय दिसलं, घरी येऊन पुस्तक उघडलं की डोळ्यांना पुस्तकातलंच आठवायला लागतं.

दुर्बीणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार! आज पहाटे पुन्हा जाऊन आले. मॅलार्ड होते बावीस, त्यातले नऊ नर निघाले, चोच बघितल्यावर इतकं उघड दिसत होतं की आधी कसं दिसलं नाही असं झालं. स्टिंट एकतीस मोजले, त्यातले सव्वीस कोरे, व्हीवाले. रफ नव्हते, गेले बहुतेक.

आणि एक मी स्वतः ओळखला! पाठीवर ठिपके, पाय पिवळसर, भुवई पांढरी आणि डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, उडाला तेव्हा पंखाची खालची बाजू फिकट. शेजारी ग्रीन सँडपायपर होता त्याची भुवई डोळ्यापाशीच संपत होती आणि पंख खालून काळपट. म्हणजे पहिला वुड सँडपायपर, बरोबर ना?

फक्त एक अडलाय, जागेवरच लिहिलेलं उतरवते. स्टिंटपेक्षा बराच मोठा, पाय काळे आणि लांबसर, चोच लांब आणि अख्खीच खाली वाकलेली, पाठीवर बारीक नीट खवले, म्हणजे कोरा, छातीवर पिकल्या पीचसारखी हलकी झाक. पोटापर्यंत पाण्यात उभा राहून चोच सरळ खाली खुपसत होता.

चिखलवाट

वुड सँडपायपर शंभर टक्के बरोबर, भुवई आणि पंखाची खालची बाजू दोन्ही पकडलीत. दुसऱ्याचं सांगा, उडताना शेपटीच्या वरचा भाग बघितला का? अख्खा पांढरा होता की मधून काळी रेघ होती?

दुर्बीणवाली

अख्खा पांढरा. वहीत लिहिलंय, दोनदा उडाला, दोन्ही वेळा बघितला.

चिखलवाट

मग कर्ल्यू सँडपायपर, याच वर्षीचा. डनलिन (त्याच्यासारखाच दिसणारा वेडर) असता तर मधून काळी रेघ दिसली असती, आणि ती पीचची झाक तर कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लाचीच. किती होते?

दुर्बीणवाली

एकच. स्टिंट उडाले की त्यांच्या मागोमाग उडत होता आणि ते बसले की त्यांच्यातच येऊन बसत होता.