मदत हवी आहे: फ्लास्कमध्ये भरपूर सायट्रिक आम्ल, फर्मेंटरमध्ये मात्र नुसतीच बुरशी वाढते

नमस्कार मंडळी. सायट्रिक आम्ल बनवणाऱ्या ॲस्परजिलस नायजर या बुरशीवर कुणी काम केलंय का? तीन बॅच वाया गेल्या, चौथी लावायची हिंमत होत नाहीये.

स्ट्रेन (बुरशीचा वाण) आमचाच. सायट्रेट पेशीबाहेर टाकणाऱ्या प्रथिनाचं सीईएक्सए जनुक जोरकस प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) घातलंय आणि ऑक्झॅलिक आम्लाकडे नेणारं ओएएचए काढून टाकलंय. शेक फ्लास्कमध्ये बघत राहावं असं चालतं: टाचणीच्या डोक्याएवढे घट्ट गोळे, ब्रॉथ (बुरशी वाढते ते द्रावण) पाण्यासारखा पातळ, पीएच आपोआप २ च्या आसपास. १२० ग्रॅम प्रति लिटर साखरेतून ७० ग्रॅमच्या वर सायट्रिक. तेच ५ लिटरच्या स्टीलच्या फर्मेंटरमध्ये (ढवळत, हवा देत बुरशी वाढवायच्या भांड्यात) लावलं, की दुसऱ्याच दिवशी लांब सुटे धागे ढवळायच्या पंख्याला गुंडाळलेले आणि ब्रॉथ खळीसारखा. सातव्या दिवशी जेमतेम १८ ग्रॅम. साखर सगळी वाढीत जाते.

पीएच २.५ च्या वर जाऊ दिलेला नाही. कमी पीएच आणि भरपूर साखर ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी १९१७ मध्येच दाखवली होती, तेव्हा तिथे चूक नसावी. साखर, क्षार, बीजाणूंची संख्या फ्लास्कसारखीच. तिसऱ्या बॅचला चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर वीसेक मिनिटं बंद पडला होता. हवेचा दोष म्हणू का? की जनुकबदलच टिकत नाहीये? दीड वर्षाचं काम आहे हो, ते असं बसलेलं बघवत नाही.

उत्तर

स्ट्रेनवर एवढ्यात शंका घेऊ नका, फ्लास्कमध्ये तो चालतोय. हवा मध्येच थांबली तर आम्ल कायमचं घटतं आणि वाढ मात्र चालू राहते, हे खरं. पण तुमचे धागे दुसऱ्या दिवशीच दिसले, कॉम्प्रेसर चौथ्या दिवशी गेला. शिवाय पहिल्या दोन बॅचचं काय?

माझा संशय मँगनीजवर. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तरच ही बुरशी मन लावून सायट्रिक करते. जास्त झालं की गोळे सुटतात आणि साखर वाढीला लागते. नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये २ टक्क्यांपर्यंत मँगनीज असतं, आणि तुमचा आम्लधर्मी ब्रॉथ गरम स्टीलमध्येच निर्जंतुक होतो. काचेच्या फ्लास्कमध्ये हा प्रश्नच येत नाही.

चौथी बॅच लावण्याआधी एवढं करा. ब्रॉथ फर्मेंटरमध्ये निर्जंतुक झाला, की बीजाणू घालण्याआधी थोडा काढून दोन फ्लास्कमध्ये वाढवा. तिथेही धागे आले तर दोष ब्रॉथमध्ये, म्हणजे धातू किंवा पाणी. गोळे आले, तर नेहमीच्या ब्रॉथच्या एका फ्लास्कमध्ये त्याच स्टीलचा छोटा तुकडा टाकून बघा, कारण बॅच चालू असतानाही धातू सुटत राहतो. तोही ठीक निघाला, तर मग ढवळणं आणि हवा. हो, पाणी कुठून भरता?

मूळ प्रश्नकर्ता

पाणी! फ्लास्कसाठी बाटलीतलं डबल डिस्टिल्ड, फर्मेंटरसाठी टाकीच्या नळाचं डिआयोनाइज्ड. हे लिहायचं राहूनच गेलं. उद्या दोन्ही पाण्यांचे फ्लास्क स्टीलच्या तुकड्यासह आणि तुकड्याशिवाय लावतो. टाकी आम्लाने धुवायची झाली तर नायट्रिक वापरता की सायट्रिकच?