मदत हवी आहे: विहिरीच्या दगडात निळे गोळे निघाले, कॅव्हनसाइट हे निळं खनिज असेल का?

नमस्कार मंडळी. आमचं शेत पारोळा तालुक्यात. यंदा विहीर खोल करताना सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडात मुठीएवढी पोकळी दिसली. आत मोत्यासारखी चमक असलेले पांढरे पुंजके. हे स्टिल्बाइट नावाचं खनिज असावं, बांधावर असे दगड पुष्कळ पडलेत, गावात सगळे त्याला गारगोटीच म्हणतात. पण यावेळी त्या पांढऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे तीन निळे गोळे आहेत. रंग अगदी कपड्याच्या निळीचा. भिंगातून पाहिलं तर मधून चहूबाजूंनी फाकलेल्या बारीक काड्या, कदंबाच्या फुलासारख्या.

आबा बघताक्षणी म्हणाले, "हाई तं मोरचूद शे." म्हणून सुटून पडलेला एक कण रात्रभर वाटीतल्या पाण्यात ठेवला. विरघळला नाही, पाणीही निळं झालं नाही.

कॅव्हनसाइट १९६० च्या दशकात अमेरिकेत ऑरेगॉनला सापडलं आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमुळे जगभर गाजलं, एवढं वाचलंय. वाघोली इथून लांब, पण दगड दख्खनचाच. गोळे न फोडता खात्री कशी करू? शिवाय दगड विकत घेणारा एक जण ॲसिडने धुवून चकचकीत करून देतो म्हणतोय. देऊ का?

प्रतिसाद १

भाऊ, आधी ॲसिडचं. अजिबात देऊ नका! स्टिल्बाइट ॲसिडमध्ये खराब होतं, मग निळे गोळे कशावर टिकणार? मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे.

पाण्याची परीक्षा चांगली केलीत, मोरचूद असतं तर विरघळलं असतं. आता घोटाळा होऊ शकेल अशी दुसरी खनिजं: सेलाडोनाइट हिरवट, मातकट असतं आणि पोकळीच्या भिंतीला लेपासारखं बसतं, त्याच्या अशा काड्या नसतात. ॲझुराइट तांब्याचं कार्बोनेट, ते ॲसिडच्या थेंबाने फसफसतं. कॅव्हनसाइट म्हणजे कॅल्शियम-व्हॅनेडियमचं पाणीदार सिलिकेट, ते फसफसत नाही. कठीणपणा (१ ते १० च्या मोहस मापात) ३ ते ४, म्हणजे नखाने ओरखडा पडत नाही, चाकूने पडतो. फरशीच्या खरखरीत पाठीवर घासलं तर निळसर पांढरी रेघ उमटते. या परीक्षा फक्त सुट्या कणावर करा. बाजारात स्टिल्बाइटवर चिकटवलेले गोळेही विकतात, पण पोकळी तुमच्यासमोर फुटली, त्यामुळे ती शंका नको.

प्रतिसाद २

पेंटागोनाइट या खनिजाचीही शक्यता बघा. घटक तेच, आतली रचना वेगळी. त्याच्या काड्या जाडसर, सुट्या असतात आणि जोडस्फटिकाचा (एकमेकांत जुळून वाढलेल्या स्फटिकांचा) आडवा छेद पाच टोकांच्या ताऱ्यासारखा दिसतो. पक्कं उत्तर एक्स-रे डिफ्रॅक्शनच (क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना तपासणं) देईल. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात विचारा, चिमूटभर भुकटी पुरते.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. कणावर नखाने ओरखडा पडला नाही, चाकूने पडला, रेघही निळसर पांढरी आली. तारा कुठे दिसत नाही. उरलेली चिमूट कुपीत ठेवली आहे, ॲसिडवाल्याला नाही सांगितलं. धुळे-जळगावकडे विहीर खोदताना कुणाला असा निळा दाणा दिसला असेल तर फोटो नक्की टाका.