मदत हवी आहे: बॅश स्क्रिप्टमध्ये एक विधान (कमांड) किती लांब चालतं?

जाणकारांनो, एका मराठी दिवाळी अंकाचा मजकूर सर्व्हरवर चढवतोय. बॅश (कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) स्क्रिप्ट एकेक लेख व्हेरिएबलमध्ये वाचते आणि कर्लला (सर्व्हरवर मजकूर पाठवणारा प्रोग्रॅम) 'डॅश-डी' (-d) या पर्यायानंतर अवतरणात देते. लहान लेख सुरळीत जातात, लांबलचक लेख आला की उबुंटूवर (लिनक्स) 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' (आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडला दिलेला मजकूर, फार लांब) अशी एरर.

बुचकळ्यात पडलोय ते यामुळे: तोच व्हेरिएबल 'एको' केला (स्क्रीनवर छापला) तर अख्खा लेख दिसतो. स्क्रिप्ट डॅश नावाच्या दुसऱ्या शेलने चालवली तरी तीच एरर. मित्राच्या मॅकवर तोच लेख बिनबोभाट गेला. विंडोजच्या गिट बॅशमध्ये याहून लहान लेखही अडतो. 'गेटकॉन्फ आर्ग-मॅक्स' ही कमांड आर्ग्युमेंट्सची मर्यादा २०९७१५२ बाइट सांगते आणि माझा लेख पन्नास हजार अक्षरांच्या आसपास. प्रत्येक शेलची मर्यादा वेगळी असते का? वाढवता येते का? लेखाचे तुकडे करायचे नाहीत.

प्रतिसाद १
यात शेलचा हात नाही. मेमरी पुरेल तेवढं लांब विधान बॅश-डॅश वाचतात. 'एको' शेलच्या पोटातच चालतं म्हणून सुटतं. कर्ल वेगळा प्रोग्रॅम, त्यासाठी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) 'एक्झेकव्हीई' हा प्रोग्रॅम सुरू करण्याचा कॉल जातो आणि तिथे अडतं. पायथनमधून कर्ल चालवलंत तरी हेच होईल.

तुम्हाला दिसलेला आकडा सगळ्या आर्ग्युमेंट्सचा आणि एन्व्हायर्नमेंटचा (प्रोग्रॅमला सोबत मिळणारी व्हेरिएबल्स) मिळून आहे (८ एमबी स्टॅकचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाच्या मेमरीचा, चौथा हिस्सा; २००७ च्या २.६.२३ कर्नलपासून असा). पण लिनक्सवर एकेका आर्ग्युमेंटला वेगळी मर्यादा आहे: १३१०७२ बाइट. ती कर्नलमध्येच बांधलेली, 'यूलिमिट' या मर्यादा बदलण्याच्या कमांडने हलत नाही. मॅकवर अशी वेगळी मर्यादा नाही, एकूण १०४८५७६ बाइट.

आणि अक्षरं मोजू नका, बाइट मोजा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट, काना-मात्रा-हलंत धरून. नुसता 'क्षा' १२ बाइट खातो! इंग्रजी लेख असता तर तुम्हाला ही एरर बहुधा दिसलीच नसती.

विंडोजचं गणित निराळं. तिथे प्रोग्रॅम सुरू करताना पूर्ण कमांड ३२७६७ वर्णांच्या आत लागते, आणि वर्ण यूटीएफ-१६ मध्ये मोजतात, म्हणून मराठीला तिप्पट भुर्दंड नाही. सीएमडीच्या (विंडोजचा स्वतःचा कमांड प्रॉम्प्ट) खिडकीत तर ८१९१ वरच गाडी थांबते.

मजकूर आर्ग्युमेंटमधून देऊच नका. 'प्रिंटएफ' कमांडने पाइपमध्ये (एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याला देणारी वाट) सोडा आणि कर्लला स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे त्याच पाइपमधून, वाचायला सांगा.

धागाकर्ता
'डब्ल्यूसी' कमांडने बाइट मोजले. उबुंटूवर अडणारे सगळे लेख १३१०७२ च्या वरचेच निघाले. पाइपने सगळे गेले, गिट बॅशमध्येही. पण कविता एका ओळीत आल्यात?

प्रतिसाद २
'डॅश-डी'ला फाइल किंवा इनपुटमधून वाचायला लावलं की ते नव्या ओळीच्या खुणा गाळतं. त्याऐवजी कर्लचाच 'डेटा-बायनरी' पर्याय वापरा, कडवी शाबूत राहतील.