सेवदालिन्का: परदेशात जपायची की गायची?

दक्षिणवारा

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सेवदालिन्का म्हणजे बोस्नियातली जुनी शहरी प्रेमगीतं. सरायेवो, मोस्तार अशा गावांतल्या गल्ल्या, खिडकीशी उभी मुलगी आणि खाली उगाच रेंगाळणारा मुलगा. लय संथ, ताल सैल सोडलेला, एकेका अक्षरावर तीन-तीन वळणं. साथीला पूर्वी साझ हे लांब मानेचं तंतुवाद्य असायचं, विसाव्या शतकात अकॉर्डियन आला. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं या गाण्यांना अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

मी अमेरिकेत सेंट लुइसला राहते. १९९२-९५च्या युद्धातून वाचलेली बोस्नियन कुटुंबं इथे प्रचंड संख्येनं आली. बेव्हो मिल भागात सरायेवोच्या जुन्या बाजारातल्या लाकडी कारंज्याची, सेबिलची, प्रतिकृतीसुद्धा उभी आहे. शेजारी बोस्नियन, मुलीच्या मैत्रिणी बोस्नियन, त्यामुळे त्यांच्या 'झाबावा'ला बोलावणं असतंच. झाबावा म्हणजे हॉल भाड्यानं घेऊन केलेली जेवणा-गाण्याची संध्याकाळ.

आता माझं म्हणणं. परदेशात ही गाणी जपली जातायत, पण प्रेमगीतं म्हणून नाही, शोकगीतं म्हणून.

सगळ्यांना पाठ असलेलं गाणं घ्या, बेंतबाशाचं. बेंतबाशा हा सरायेवोत मिल्यात्स्का नदीकाठचा भाग. मुलगा पांढरं कोकरू घेऊन तिकडे निघालाय. बाकीच्या मुली दारात, त्याची मात्र गजांच्या खिडकीत. ती म्हणते, संध्याकाळी ये. हा पठ्ठ्या त्या संध्याकाळी जात नाही, दुसऱ्या दिवशी जातो. तोवर तिचं दुसऱ्याशी लग्न झालेलं! निम्मी गंमत आहे यात, निम्मी चुटपुट. पण हॉलमध्ये गाणं सुरू झालं की माणसं डोळे पुसतात. मुलगी गेली म्हणून नव्हे, सरायेवो गेलं म्हणून. आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं तेवढ्यात बाहेर पार्किंगमध्ये सटकतात, कारण त्यांच्या लेखी हे आईबाबांचं रडायचं गाणं.

तीच आठ-दहा गाणी, तीच साथ, तोच गंभीर चेहरा. हे सोडलं नाही तर ही गाणी यादीत उरतील, गळ्यात नाही. दामिर इमामोविच किंवा अमिरा मेदुन्यानिन या आजच्या गायकांनी जे मोकळेपण आणलं ते परदेशातल्या क्लबांनी उचलायला हवं. पटतंय का?

तात्या_सांगलीकर

नाही पटत. पोरं पार्किंगमध्ये जातात म्हणून गाण्यानं चेहरा बदलायचा? पोरं कुठल्याही काळात पार्किंगमध्येच असतात. चाळिशीला आत येतात.

दुसरं, गाण्याचा अर्थ पहिल्या दिवशी ठरला तोच राहिला पाहिजे असा नियम कोणी केला? आलेक्सा शांतिचची कविता आहे, 'तू का नाहीस'. प्रेमाचीच. तिला यद्रांका स्तोयाकोविच या गायिकेनं चाल लावली. बाई पुढे १९८८ मध्ये जपानला गेल्या आणि वीसेक वर्षं तिकडेच राहिल्या. मग आयदा शेहोविच या बोस्नियन-अमेरिकन कलावतीनं तेच नाव घेऊन स्मारक केलं. स्रेब्रेनित्सा गावी १९९५च्या हत्याकांडात मारल्या गेलेल्यांसाठी बोस्नियन घरांमधून कॉफीचे बिनकानाचे छोटे कप, फिल्जान, गोळा केले. २००६ पासून दर जुलैत एकेका शहराच्या चौकात ते मांडले, कॉफीनं भरले आणि तसेच ठेवले. प्यायला माणूसच नाही. प्रेमाच्या कवितेचा शोक झाला तो असा. याला तुम्ही ऱ्हास म्हणणार?

तुम्ही त्या हॉलमध्ये पाहुण्या आहात. माणसं ज्यासाठी रडतायत ते त्यांनी गमावलंय. त्यांनी कशावर रडावं हे आपण सांगू नये.

पेटीवाला

तात्यांशी भावनेच्या पातळीवर सहमत, संगीताच्या पातळीवर नाही.

अकॉर्डियन म्हणजे 'परंपरा' हे गृहीत धरलं जातंय. तो बोस्नियात रुळला ऑस्ट्रिया-हंगेरीचा अंमल सुरू झाल्यावर, आणि घराघरांत पोचला तो रेडिओमुळे. १९४५ मध्ये रेडिओ सरायेवो सुरू झाला. झैम इमामोविच, मग सफेत इसोविच, हिम्झो पोलोविना (हा पेशानं मनोविकारांचा डॉक्टर!) असे दिग्गज तिथे गायले. मोठा वाद्यवृंद, गाणं तीन-चार मिनिटांत बसवलेलं. आज सेंट लुइस किंवा शिकागोत जी 'अस्सल' म्हणून गातात ती बहुतेक या रेडिओची आवृत्ती आहे. आजीची नव्हे.

साझच्या पडद्यांवर जे स्वर मिळतात ते अकॉर्डियनच्या पट्टीत नाहीत. आपल्याकडे याच भांडणापायी आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं. पेटीवाल्याच्या तोंडी हे शोभत नाही, पण आक्षेप खोटा नव्हता. एमिना झेचाय ही गायिका साझवर गायलेली ऐका आणि मग तेच गाणं वाद्यवृंदात ऐका. दुसऱ्यात कोपरे घासून गुळगुळीत केलेत.

तात्या_सांगलीकर

@पेटीवाला, म्हणजे नवंही नको आणि रेडिओचंही नको, थेट साझच हवा? मग गाणार कोण? हॉलच्या स्पीकरवर साझ किती ऐकू येतो हे तुम्हीच सांगा.

पेटीवाला

दोनशे माणसं ताटं वाजवत असतील तर मुळीच नाही. हे गाणं दोनशे माणसांचं नाहीच. ते चार माणसांचं आणि कॉफीच्या भांड्याचं आहे.

गौरी_गोटेबोर्ग

वर सगळे अमेरिकेबद्दल बोलतायत, म्हणून स्वीडनची बाजू. १९९३ मध्ये इथल्या सरकारनं आलेल्या हजारो बोस्नियनांना सरसकट कायमचा निवास दिला. जर्मनीनं सुमारे साडेतीन लाख लोकांना आसरा दिला, पण तात्पुरता. शांतता करारानंतर बहुतेकांना परत पाठवलं किंवा तिसऱ्या देशात जावं लागलं. उद्या इथे असू की नाही हेच ठाऊक नसेल तर क्लब कोण काढतो? इथे माणसं रुजली, तेव्हा क्लब निघाले, नाचाचे गट निघाले.

शाळेत मातृभाषेचा तास मिळतो. पाच मुलं आणि एक शिक्षक जमला तर नगरपालिकेनं तो द्यायचा असतो. (मराठीसाठी पाच पालक एका मताचे होईनात, हे अवांतर.) बोस्नियनला ती अडचण कधी आली नाही. त्या तासांना मुलं ही गाणीही शिकतात.

आणि इथेच माझी खरी तक्रार. क्लबला समूहगान लागतं, कारण प्रत्येकाच्या मुलाला स्टेज मिळालं पाहिजे. सेवदालिन्का हे मुळात एकट्याचं गाणं. श्वास कुठे घ्यायचा, कुठली जागा लांबवायची, सगळं गाणाऱ्याच्या मर्जीवर. पंचवीस मुलं ते एकदम गाणार म्हटल्यावर बाई हातानं ताल धरतात, वळणं कापतात, सगळं चार-चार मात्रांत बसतं. गाणं पाठ होतं, पण गायला येत नाही. दक्षिणवारा, तुम्ही रडण्याला दोष देताय. मला हे हात वर करून ताल देणं जास्त घातक वाटतं.

बेसूर

सगळे पंडित जमलेत तेव्हा थोडं बेसूर बोलतो.

झाबावात साडेनऊनंतर काय वाजतं? हालिद बेश्लिच या लोकप्रिय गायकाची गाणी. नवी रचलेली लोकगीतं, ढोबळ ताल, सगळा हॉल उभा. गायकाच्या अकॉर्डियनच्या भात्यात लोक नोटा खोचतात. सेवदालिन्का दोन, त्याही सुरुवातीला, जेवण गरम होईस्तोवर. हे कोणी लादलेलं नाही, लोकांची निवड आहे. व्हिएन्नात बांधकामावर राबणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा जे हवं ते हे आहे. तुम्ही ज्या 'शुद्ध' गाण्यासाठी गळा काढताय ते पुस्तकं वाचणाऱ्यांचं झालंय. दामिरची तिकिटं कोण घेतं? लंडन-न्यूयॉर्कचे जागतिक संगीतवाले.

दक्षिणवारा

@बेसूर, जागतिक संगीतवाल्यांवर इतकं नाक मुरडू नका. लिल्याना बटलरचं उदाहरण घ्या. एकेकाळची नावाजलेली रोमा (जिप्सी) गायिका, गाणं सोडून जर्मनीत ड्युसेलडॉर्फला साफसफाईची कामं करत होती. तिला कुठल्या क्लबनं शोधलं नाही. मोस्तारहून नेदरलँड्सला गेलेल्या द्रागी शेस्तिच या निर्मात्यानं शोधलं, मोस्तार सेवदाह रियुनियन या बँडबरोबर तिची ध्वनिमुद्रिका काढली, आणि युरोपभर लोक तिच्यासाठी उभे राहिले. म्हणजे स्थलांतरितांच्या हातून हरवलेलं स्थलांतरितानंच परत आणलं, फक्त क्लबच्या बाहेर.

@तात्या, पाहुणी आहे हे मान्य. पण पाहुण्याला ताटात काय वाढलंय ते दिसतंच ना? शोक करू नये असं मी म्हटलंच नाही. 'मोय दिलबेरे' ऐका. त्यातली मुलगी प्रियकराला म्हणते, मला बाजारात ने, सौदागराला विक, ओकाभर (ओका हे जुनं तुर्की वजन) सोनं घे आणि त्या सोन्यानं घराची दारं मढव. केवढा खट्याळपणा आहे, केवढी धार आहे! ती बाई हॉलमध्ये कुठेच भेटत नाही. भेटतं ते 'आमचं गेलेलं घर'.

शरावती

एक प्रश्न कोणीच विचारला नाही: 'आमचं' म्हणजे कोणाचं?

तात्यांनी सांगितलेला शांतिच मोस्तारचा ऑर्थोडॉक्स सर्ब. त्याचीच १९०२ची 'एमिना' आज सर्वांत लाडक्या सेवदालिन्कांत आहे, आणि ती आहे शेजारच्या इमामाच्या मुलीवर. बेंतबाशाची चाल आणि सरायेवोच्या सेफर्दी (मूळच्या स्पेनकडच्या) ज्यूंच्या एका प्रार्थनेची चाल एकच. कारंज्याकाठी रोज येणाऱ्या सुलतानकन्येचं गाणं तर थेट जर्मन कवी हाइनेच्या कवितेवरून आलंय.

आणि परदेशात? बोस्नियाक म्हणजे बोस्नियन मुस्लिमांचा क्लब वेगळा, सर्बांचा चर्चला जोडलेला, क्रोएटांचा आणखी तिसरीकडे. तेच गाणं तीन हॉलमध्ये, तीन झेंड्यांखाली. मायदेशी निदान एका बाजारात एकमेकांच्या कानावर पडत होतं. माझ्या मते परदेशात गाण्याचं खरं नुकसान हे झालंय. समूहगान, अकॉर्डियन वगैरे नंतरचं. याच कारणासाठी मला दामिरचा २०२३चा अल्बम आवडला. अमेरिकेत राहणाऱ्या बोस्नियन लेखक अलेक्सांदार हेमोनच्या कादंबरीबरोबर तो आला आणि त्यात सेफर्दी गाणी सेवदालिन्कांच्या मांडीला मांडी लावून बसलीत.

तात्या_सांगलीकर

शरावतीताई, झेंडे का लागले हेही बोला की. ज्यांच्या गावातून त्यांना शेजाऱ्यांच्या नावानं हाकललं, त्यांनी परदेशात जाऊन लगेच त्याच शेजाऱ्यांबरोबर एका हॉलमध्ये गावं ही अपेक्षा पुण्या-मुंबईत बसून करणं सोपं आहे. आपली महाराष्ट्र मंडळं डोळ्यांसमोर ठेवून बोलू नका. आपण व्हिसा घेऊन गेलो, परतीचं तिकीट काढून गेलो. ती माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं घेऊन गेली.

शरावती

ते मान्यच आहे. मी दोष देत नाहीये, झालेलं सांगतेय. पण गाण्याला इतिहास असतो हे मुलांना सांगायचं की नाही? 'एमिना' कोणी लिहिली हे न सांगता ती शिकवली जाते तेव्हा मला खटकतं.

गौरी_गोटेबोर्ग

मुलांना सांगितलं तर उलट रस वाटतो. माझ्या लेकीच्या बोस्नियन मैत्रिणीला बोझो व्रेचोमुळे ही गाणी आवडू लागली. पुरुष असून बाईच्या तोंडची गाणी गातो, लांब झगा घालून, शब्द न बदलता. तिच्या आजोबांनी टीव्ही बंद केला म्हणे. आजीनं परत लावला.

बेसूर

आजीला अध्यक्ष करा.

पेटीवाला

जपण्याबद्दल बोलतोय तर ही गोष्ट सांगायलाच हवी. हार्वर्डच्या मिल्मन पॅरी या अभ्यासकानं १९३३-३५ मध्ये त्या भागात फिरून तबकड्या मुद्रित केल्या. वीरगाथा हव्या होत्या त्याला, पण बायकांची गाणीही घेतली. हिटलरच्या युरोपातून न्यूयॉर्कला आलेला हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक पुढे त्यांच्यावर बसला आणि पंचाहत्तर गाण्यांचं स्वरलेखन केलं. ते पान बघाल तर डोळे फिरतील: एकेका अक्षरावर मुंग्यांसारखे बारीक स्वर. पुस्तक १९५१ मध्ये आलं, तेव्हा बार्टोक जाऊन सहा वर्षं झाली होती. एका स्थलांतरितानं परक्या देशात बसून केलेलं जतन यापेक्षा काटेकोर असूच शकत नाही. पण त्या कागदावरून कोणी गायलेलं मी तरी ऐकलं नाही.

शरावती

दुरुस्ती: त्यातली बरीच गाणी हर्जेगोविनाच्या खेड्यांतली आहेत, शहरी सेवदालिन्का नव्हेत. मुद्दा मात्र लागू आहे.

तात्या_सांगलीकर

म्हणजे पेटीवाले, शेवटी तुमच्याच म्हणण्यानुसार वही नाही, रडवा हॉलच गाणं जिवंत ठेवतोय. आलात वाटेवर.

पेटीवाला

हॉल नाही हो, स्वयंपाकघर. हॉल म्हणजे फक्त सणासुदीचे कपडे.

दक्षिणवारा

तात्यांच्या कपांच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. पण एका गाण्याचा शोक होणं वेगळं आणि सगळ्यांचाच होणं वेगळं, यावर मी ठाम आहे.

बाकी गौरी आणि पेटीवाल्यांचं वाचून इथल्या क्लबच्या एका ओळखीच्या बाईंना सुचवून पाहिलं: झाबावाच्या आधी तासभर बाजूच्या छोट्या खोलीत, माईक न लावता, एकेकानं गायचं, कॉफी ठेवायची, 'मोय दिलबेरे' घ्यायचंच. त्या म्हणाल्या, कल्पना छान आहे, पण त्या खोलीत केटरिंगवाले सामान ठेवतात आणि साझ वाजवणारे गृहस्थ रात्रपाळीला असतात. शनिवारऐवजी रविवारी दुपारी जमतंय का ते बघताहेत. पार्किंगमधल्या दोन पोरींना मी विचारलंय. एकीनं 'बघू' म्हटलंय, दुसरीनं विचारलं की आजोबा येणार आहेत का.

बेसूर

आजोबांना शनिवारीच बोलवा.